थोडी कळ काढ

"हे किती वर्षांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाळी नीट सुरू झाली तेव्हापासून. वीस वर्षं तरी झाली असतील."

"दुखण्याचं नाही विचारत. हे डाग."

तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्या पडल्या मी मान उचलून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. बेंबीच्या खाली, ओटीपोटभर, तपकिरी रंगाची एक जाळी आहे माझ्या. वाळलेल्या पानाच्या शिरा असतात तशी. इतकी सवयीची झालेली की आंघोळीच्या वेळीही दिसेनाशी झाली होती. "शेकून शेकून झालंय," मी म्हटलं. "गरम पाण्याची पिशवी."

"पाणी किती गरम घेता?"

"उकळतं."

त्या जाळीच्या कडेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, काहीच न बोलता खुर्चीत जाऊन बसल्या, कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगा. घाई नाही."

त्याआधी मी चार डॉक्टरांकडे जाऊन आले होते. चौघांनाही दुखणं तोंडानं सांगितलं होतं. पाचव्या डॉक्टरांनी ते पोटावर वाचलं. आधी मला हायसं वाटलं आणि घरी पोचेपर्यंत संताप आला. इतकी वर्षं बोलत होते ते कुणी धरलं नाही. कातडी भाजली तेव्हा धरलं.

पहिल्यापासून सांगायचं तर, पहिलं वर्ष-दीड वर्ष मला काहीच दुखलं नाही. बाराव्या वर्षी पाळी आली, मैत्रिणी पोट धरून बसायच्या आणि मी आपली पळत असायचे. मला वाटायचं मी सुटले. मग तेराव्या वर्षाच्या शेवटाला एका रात्री कंबरेतून अशी काही कळ उठली की पायांत जीव राहिला नाही. माझं काहीतरी बिघडलं, अशीच माझी समजूत झाली.

खरं तर तेव्हा घडी बसत होती. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांमध्ये बीजकोषातून बीज सुटतच नाही. ते सुटायला लागलं की त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, आणि बीज फळलं नाही तर पाळीच्या तोंडावर ते उतरतं. दुखण्याचं चक्र या उतरण्यानं फिरायला लागतं. म्हणून पाळी आल्यावर सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी दोन वर्षांनी दुखायला लागणं हे बहुतेक मुलींच्या बाबतीत बिघाडाचं लक्षण नसतं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दुखायचं तेवढं दुखलंच असतं, पण निदान रात्रभर मी स्वतःला कुठला तरी भयंकर रोग जडवून घेतला नसता.

आईनं सांगितलं ते एवढंच: "होतं असं." आईला मी दोष देत नाही. तिचंही दुखायचं. भिंतीकडे तोंड करून ती तासभर पडायची, मग उठून कामाला लागायची. तिच्याकडे जे होतं ते तिनं मला दिलं.

चौदाव्या वर्षीचा भूमितीचा पेपर मला अजून आठवतो. प्रमेय आठवत नाही, कंपासपेटी आठवते. तिचा एक कोपरा मी ओटीपोटात रोवून बसले होते, कारण पत्र्याचं ते टोक टोचत राहिलं की आतली कळ जरा मागे सरायची. कपाळावर गार घाम, तोंडात पाणी सुटलेलं, आणि आता ओकारी आधी येते की जुलाब एवढाच प्रश्न. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "थोडी कळ काढ गं. वीसच मिनिटं राहिलीत."

किती प्रेमानं म्हणाल्या होत्या. आणि मी काढली कळ.

आपल्या भाषेत हा शब्द मोठा गमतीचा आहे. दुखणं म्हणजेही कळ, आणि ते सोसत थांबणं म्हणजेही कळ काढणं. बाळंतपणातल्या त्या कळाच. जिनं सोसलं तिनं कळ काढली. आणि दिवा लावायला दाबतो तीही कळच. एवढ्या अर्थांमध्ये थांबण्याचाच अर्थ माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आला. पाळीच्या दुखण्यात थांबणं हीच सर्वांत वाईट युक्ती आहे, हे समजायला मला तिशी ओलांडावी लागली. का वाईट, ते सांगते. त्यासाठी गर्भाशयात काय चालतं ते बघावं लागेल.

गर्भाशय म्हणजे मुठीएवढा स्नायू. प्रोजेस्टेरॉन उतरलं की त्याच्या आतलं अस्तर सुटायला लागतं, आणि सुटता सुटता प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. ती स्नायूला आवळायला लावतात, म्हणजे अस्तर बाहेर पडावं. इथवर ठीक. पण ज्यांच्या अस्तरात ही रसायनं जास्त, त्यांचा स्नायू नुसता आवळत नाही, पिळतो. तीव्र दुखणाऱ्या बायकांच्या गर्भाशयातला दाब मोजला गेलाय. आवळण्याच्या क्षणी तो पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्याही वर जातो. १२० म्हणजे रक्तदाब मोजताना सांगतात तो वरचा आकडा. आतला दाब धमन्यांमधल्या दाबाच्या वर चढला की त्या स्नायूला तेवढा वेळ रक्तच मिळत नाही. हृदयाला रक्त मिळालं नाही की छातीत दुखतं, तेव्हा घरदार धावतं. इथे तेच गर्भाशयाचं होतं. आणि हीच रसायनं रक्तातून फिरून आतड्यांना गाठतात, म्हणून ओकारी, म्हणून जुलाब, म्हणून डोकं धरणं. परीक्षेच्या बाकावर मला वाटत होतं की मी घाबरट आहे, पेपरच्या भीतीनं पोट बिघडलंय. भीतीचा संबंधच नव्हता.

या रसायनाच्या नावाची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३० च्या दशकात उल्फ फॉन ऑयलर या स्वीडिश शास्त्रज्ञाला ते पुरुषाच्या वीर्यात सापडलं. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असणार असं समजून त्यानं त्याला प्रोस्टाग्लँडिन म्हटलं. पुढे कळलं की वीर्यातलं ते मुख्यतः दुसऱ्याच ग्रंथीतून येतं, आणि तसं पाहिलं तर शरीरात जवळजवळ सगळीकडेच तयार होतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. बायकांच्या पोटात महिन्याच्या महिन्याला धुमाकूळ घालणाऱ्या गोष्टीला पुरुषाच्या ग्रंथीचं नाव, आणि तेही चुकून. १९५७ मध्ये पिकल्स या संशोधकानं पाळीच्या स्रावातच स्नायू आवळायला लावणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात हे सिद्ध केलं, आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे माझा भूमितीचा पेपर होता तेव्हा हे सगळं माहीत होऊन कितीतरी वर्षं झाली होती. परीक्षेच्या वर्गापर्यंत पोचलं नव्हतं एवढंच.

आता ते "तयार होणंच रोखतात" पुन्हा वाचा. सगळी मेख तिथे आहे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन या गोळ्या आधीच तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन पुसून टाकत नाहीत. नवं होऊ देत नाहीत. आणि मी काय करायचे? आधी सोसायचे. गोळीची सवय लागते म्हणून सोसायचे (या गोळ्यांचं व्यसन लागत नाही), मागच्या महिन्यात घेतली होती म्हणून सोसायचे. अगदी हात टेकले, बाथरूमच्या गार फरशीवर गाल टेकवून पडायची वेळ आली, की गोळी घ्यायचे. पंधरा मिनिटांत ती उलटून पडायची. मग "मला गोळ्या लागूच पडत नाहीत" असं सांगत फिरायचे. सतरा वर्षं सांगितलं हे मी लोकांना.

पाचव्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. पहिली चाहूल लागली की घ्या: कंबर भरून येते ती, मांड्या जड होतात ती, रक्ताचा पहिला ठिपका दिसतो तो. पाळी ठरल्या दिवशी येत असेल तर आदल्या दिवशीच सुरू करा. रिकाम्या पोटी नको. आणि मग दुखेल तेव्हा घ्यायची असं नाही, पहिले दोन-तीन दिवस सांगितलेल्या तासांनी घेत राहायची, दुखत नसलं तरी. दुखत नाहीये ते गोळीमुळेच. अर्थात ही गोळी सरसकट सगळ्यांची नव्हे. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल, रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील, तर स्वतःच्या मनानं घेऊ नये. कुठली आणि किती, हे एकदा डॉक्टरांशी बोलून ठरवलं की मग दर महिन्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पॅरासिटामॉलही चालतं, पण या कामाला जरा मवाळ पडतं. ज्यांना इतक्यात मूल नको आहे त्यांच्यासाठी हार्मोनच्या गोळ्या हाही सरळ रस्ता आहे: बीज सुटत नाही, अस्तर पातळ राहतं, आणि पातळ अस्तरात पिळणारी रसायनंही कमी. अविवाहित मुलीला या गोळ्यांचं नाव काढलं की घरातले चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. त्यावर एक वेगळा लेख होईल.

शेकण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मी बरोबरही होते आणि साफ चूकही. ऊब खरंच काम करते. २००१ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात काही जणींच्या ओटीपोटावर जवळजवळ ३९ अंशांची उबदार पट्टी दिवसाला बारा तास, दोन दिवस ठेवली, आणि काहींना आयबुप्रोफेन दिलं. ऊब गोळीच्या तोडीस तोड ठरली. दोन्ही एकत्र केलेल्यांना आराम लवकर पडला. ३९ अंश म्हणजे किती? ताप भरलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून बघा, तेवढंच. मी पिशवीत उकळतं पाणी ओतायचे, ती थेट कातडीवर दाबायचे, आणि चटका बसला की बरं वाटायचं. ते बरं वाटणं कंपासपेटीच्या जातीचं होतं, बाहेरच्या दुखण्यानं आतलं झाकायचं. चाचणीतली ऊब बारा तास मंद होती. माझी वीस मिनिटं जाळायची आणि निवायची, मग पुन्हा पातेलं. असं वर्षानुवर्षं केलं की त्वचेखाली ही तपकिरी जाळी उमटते. शेकणं सोडलं तर काही महिन्यांत ती फिकी होते. फार जुनी असली तर राहते. माझी राहिलीय.

व्यायामाचं थोडक्यात: आठवड्यातून तीनदा, पाऊण तास ते तासभर, महिनाभर नेमानं केला तर दुखणं कमी होतं असं अभ्यास सांगतात. मला फरक पडला. पण कळ उठलेली असताना जो कुणी "जरा चालून ये" म्हणतो त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आणि "मूल झालं की थांबेल" हे सांगणारे. काहींचं थांबतं, वयानुसार काहींचं कमीही होतं. पण दुखण्यावरचा उपाय म्हणून कुणी मूल सुचवावं, हे ऐकताना मला नेहमी वाटतं की समोरच्यानं आपलं वाक्य स्वतः एकदा ऐकावं.

या सगळ्या गोष्टी ज्या दुखण्याला लागू आहेत ते दुखणं कसं असतं, तर पाळीच्या काही तास आधी किंवा पाळीबरोबर येतं, पहिल्या दिवशी कळस गाठतं, दोन-तीन दिवसांत विरतं. माझंही तसंच होतं, अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. मग ते बदललं. सावकाश बदललं म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. आधी एक दिवस आधी यायला लागलं, मग चार दिवस आधी. पाळी संपली तरी मागे रेंगाळायला लागलं. आणि त्याचा पोत बदलला. पूर्वी लाट यायची, जायची. आता आत कुणीतरी काहीतरी ओढून बांधून ठेवल्यासारखं, वळले की ताणायचं.

"माझं तर पहिल्यापासूनच दुखतं," या वाक्यानं माझा घात केला. मी ते स्वतः डॉक्टरांना सांगायचे, आणि ते ऐकून समोरचा पेन खाली ठेवायचा. एकानं सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. "बघा, काही नाहीये," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावरून त्याला वाटत होतं की त्यानं मला आनंदाची बातमी दिली.

पाचव्या डॉक्टरांनी विचारलं, "पाळीत शौचाला बसताना दुखतं?"

दुखायचं. सुरी फिरल्यासारखं. पण ते मी पाळीच्या खात्यात कधी धरलंच नव्हतं.

"संबंधाच्या वेळी? आत खोलवर?"

तेही. ते तर मी वेगळंच, माझ्या स्वभावाचं काहीतरी समजून बसले होते.

एंडोमेट्रिओसिस हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःविषयी ऐकला. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो: बीजकोषांवर, गर्भाशयाच्या मागच्या पोकळीत, आतड्यावर. तो सुजतो, चिकटतो, आतले अवयव एकमेकांना जखडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार आहे, म्हणजे जगात १९ कोटींच्या आसपास. एवढा सर्रास आजार, आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात. साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसत नाही. आत किती पसरलाय आणि किती दुखतंय याचा मेळही लागत नाही. ठिपक्याएवढा असून लोळवतो, आणि भरपूर असून एखादीला पत्ताही नसतो. तसंच गाठी, म्हणजे फायब्रॉइड, किंवा अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरणं, किंवा आतला जंतुसंसर्ग. दुखणं पोत बदलतं तेव्हा अशी कारणं शोधावी लागतात. नीट वेळेवर घेतलेली गोळी तीनेक पाळ्यांत काहीच फरक दाखवत नसेल तरीही. डॉक्टरांचा हा शेवटचा मुद्दा ऐकून मी खजील झाले, कारण मी तर गोळी कधी नीट घेतलीच नव्हती. माझी परीक्षाच चुकीची होती.

त्यांनी मला दोन महिने वही ठेवायला सांगितली. एकापासून दहापर्यंत किती दुखतं हे लिहू नका म्हणाल्या. मला तो प्रश्न कधीच उमगला नव्हता. दहा म्हणजे काय, मेले तर? त्याऐवजी त्या दिवशी काय करता आलं नाही ते लिहायचं. माझ्या वहीत आहे: "जिना चढताना दोनदा बसले." "मीटिंगमध्ये उभी राहून बोलू शकले नाही, बसून बोलले." "शिंक आवरली." ही शिंकेची नोंद वाचून डॉक्टर थांबल्या. मग एमआरआय झाला, आणि मग डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी सुरू झाली, रोज एक. पहिले तीन महिने अधूनमधून डाग लागत राहिले, चिडचिड झाली, दोनदा सोडून द्यावीशी वाटली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार आम्ही तूर्त बाजूला ठेवलाय. दुखणं गेलेलं नाही. पण आता मी शिंकते.

मागच्या महिन्यात भाची राहायला आली होती. चौदा वर्षांची. दुपारी खोलीतून हाक आली, "मावशी, तू येतेस का जरा?" पाय पोटाशी घेऊन पडली होती. ताईनं तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलंय, गोळी बॅगेत आहे, हे मला माहीत होतं.

"घेतलीस?"

"अजून नाही." मग थोडा वेळ थांबून, "मावशी, किती दुखलं की घ्यायची असते?"

मी तिच्याजवळ बसले. किती वाजता चाहूल लागली ते विचारलं. अर्ध्या तासापूर्वी, म्हणाली, कंबरेत. "मग अर्ध्या तासापूर्वीच घ्यायची होती," मी म्हटलं. तिला आधी थोडं खायला लावलं, गोळी दिली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवलं. उकळू दिलं नाही. बोट बुडवून बघितलं, पिशवी भरली, तिच्यावर टॉवेलाच्या दोन घड्या गुंडाळल्या.

"हे गरमच नाहीये," ती कुरकुरली. "अजून गरम कर ना."

"नाही."

"अगं, पण जाणवतच नाही काही."

मी कुर्ता वर करून तिला माझं पोट दाखवलं. ती उठून बसली, बराच वेळ बघत राहिली, मग बोटानं जाळीची एक रेघ धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. काही बोलली नाही. टॉवेलासकट पिशवी पोटाशी धरून पुन्हा कुशीवर वळली, आणि गोळीची दुसरी वेळ किती वाजता येते ते मोबाइलवर लावून ठेवलं.